लक्ष्मीची सात अक्षरं

नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्याला पहिल्या रांगेचा पास मिळतो. पुस्तकाचं लिहिणाऱ्याला निदान पुस्तक तरी मिळतं. मी आज ज्याचं परीक्षण करायला बसलो आहे, ती चीज जगात सगळ्यांनाच फुकट मिळते. म्हणजे माझ्यावर कुणाचे उपकार नाहीत, आणि टीकाकाराला याहून चांगली परिस्थिती मागता यायची नाही. जावा नावाच्या संगणकभाषेत 'कॅरॅक्टर' नावाचा एक वर्ग आहे. त्याच्या वर्तणुकीबद्दल चार शब्द बोलायचे आहेत.

जावा म्हणजे घरातल्या जावा-जावा नव्हेत, आणि आमच्या काकांची ती फटफटीही नव्हे. ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली जाहीर केली. जेम्स गॉसलिंग हे तिचे जनक. बारशाला तिचं नाव ठेवलं होतं 'ओक'. तेच राहिलं असतं तर आपण तिला केव्हाच आपल्या आळीतली मानली असती, कदाचित गोत्रही विचारलं असतं. पण ते नाव आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर नोंदलेलं निघालं, म्हणून कॉफीवरून 'जावा' ठेवलं.

आता एका बी.कॉम. झालेल्या, बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला यातलं काय कळतं, असं आपण विचाराल. विचारा. आमच्या कन्येला नववीला हा विषय आहे. तिचं पुस्तक मी वाचलं, आणि ते मला तिच्याआधी समजलं, कारण त्यात कविता नाही, सगळा जमाखर्च आहे. शिवाय साल २००० च्या सुमारास, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते तेव्हा, सहा महिने फी भरून मीही जावाच्या वर्गात बसलो होतो. तिथले सर लहान अक्षरातल्या 'कॅर' चा उच्चार 'चार' असा करीत. नाव चार आणि लांबी दोन बाइट, तेव्हापासूनच मला या गृहस्थाचा संशय आहे.

तर ही भाषा म्हणे वस्तुनिष्ठ. म्हणजे यात प्रत्येक गोष्ट ही एक 'वस्तू', आणि प्रत्येक वस्तूला आपली माहिती आणि आपलं काम आपल्यालाच ठाऊक. पासबुकाला विचारावं, बाबा रे, शिल्लक किती? त्यानेच सांगावं. कल्पना झकास आहे. १९७० च्या दशकात स्मॉलटॉक नावाची भाषा निघाली, तिने हे व्रत कडक पाळलं, तिच्यात एकटंदुकटं अक्षरसुद्धा वस्तूच. जावाने मात्र वेग राखण्यासाठी आठ मंडळींना या नियमातून वगळलं. आमच्याकडे कायम नोकर आणि रोजंदारीवाले असतात ना, तसंच. हे आठ जण कामाला चपळ, पण त्यांना मस्टरवर जागा नाही. 'चार' हा त्यांतलाच एक. त्याला एखाद्या समारंभात वस्तू म्हणून मिरवायचंच असेल, तर 'कॅरॅक्टर' नावाचा कोट भाड्याने घालावा लागतो.

कोट काढला की हा 'चार' निव्वळ आकडा असतो. त्याची बेरीजसुद्धा होते! इंग्रजी कॅपिटल 'ए' अधिक कॅपिटल 'बी' बरोबर १३१. आपला 'क' अधिक आपला 'ख' बरोबर ४६५१. मी ताळा करून पाहिला, टॅली होतं. पण 'क' आणि 'ख' यांची बेरीज 'कख' व्हावी अशी कुठल्याही सज्जन माणसाची अपेक्षा असते, तिला इथे जागा नाही.

बरं, कोट घातल्यावर तरी त्याला स्वतःबद्दल काही बोलता यावं? 'तू अक्षर आहेस का रे?' हे त्याला थेट विचारायची सोय नाही. वर्गाच्या कचेरीत जाऊन विचारायचं: 'हे जे समोर उभं आहे, ते अक्षर आहे का?' आमच्याकडे नोव्हेंबर महिन्यात पेन्शनर हयातीचा दाखला घेऊन येतात, त्याची आठवण होते. माणूस समोर धडधडीत खोकत उभा, आणि आपण म्हणायचं, जिवंत असल्याचा कागद दाखवा.

या कोटाची आणखी एक तऱ्हा आहे. पहिल्या १२८ अक्षरांचे, म्हणजे इंग्रजीची ए-बी-सी-डी, आकडे आणि किरकोळ चिन्हं, एवढ्यांचे कोट जावा आधीच शिवून फडताळात ठेवते. कोणी 'ए' साठी कोट मागितला की तोच कोट काढून देते. त्यामुळे दोन ठिकाणचे दोन 'ए' समोरासमोर ठेवून 'तुम्ही एकच का?' असं दोन बरोबरची चिन्हं टाकून विचारलं, तर उत्तर येतं, हो, एकच. आपल्या 'क' चा नंबर २३२५. त्याच्यासाठी शिवलेला कोट नसतो, मागेल तेव्हा नवा शिवायचा. मग दोन 'क' समोरासमोर आणले की जावा सांगते, हे दोघे वेगळे. 'ईक्वल्स' नावाच्या वेगळ्या दाराने विचारलं तर मात्र दोघे सारखे निघतात! नियम छापील आहे, लबाडी नाही. पण एका वर्गातल्या मुलांना आयता गणवेश आणि दुसऱ्या वर्गातल्या मुलांनी घरून कापड आणायचं, एवढं माझ्या ध्यानात आलं.

आता हे २३२५ वगैरे नंबर आले कुठून, हे सांगायला हवं. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक खातेनंबर देणारं मोठं लेजर आहे, त्याचं नाव युनिकोड. पहिली आवृत्ती १९९१ ची. तेव्हा कर्त्यांचा हिशेब असा की सोळा बिटांत ६५,५३६ नंबर बसतात, दुनियेला तेवढे पुरेत. जावाने त्यावर विश्वास ठेवला आणि 'चार' चा लॉकर बरोबर सोळा बिटांचा बांधला. जावाची पहिली आवृत्ती बाहेर पडली जानेवारी १९९६ मध्ये. जुलै १९९६ मध्ये युनिकोडची दुसरी आवृत्ती आली आणि तिने जाहीर केलं की जागा पुरणार नाही, आता ११,१४,११२ नंबरांची सोय केली आहे. म्हणजे आपण कर्ज काढून दोन खोल्यांचा ब्लॉक घ्यावा आणि वास्तुशांत होऊन सहा महिने होताहेत तोच गावाकडची सगळी मंडळी मुक्कामाला यावीत, तसं झालं. याला जावा तरी काय करणार? या प्रकरणात माझी सहानुभूती पूर्णपणे तिच्या बाजूने आहे.

तोडगा काढला तो आम्हा बँकवाल्यांना चटकन समजेल असा. ज्याला एका लॉकरात जागा नाही, त्याने दोन लॉकर मिळून घ्यायचे. जॉइंट अकाउंट! त्यातही 'दोघांपैकी कोणीही' हा प्रकार नव्हे, 'दोघांनी मिळूनच'. एकट्याच्या सहीला काडीची किंमत नाही. हसऱ्या तोंडाचं ते पिवळं चित्र मोबाइलवर येतं ना, ते असल्या जोडखात्यात राहतं. जावाला विचारलं, या मजकुरात किती अक्षरं, तर एका हसण्याची दोन सांगते. जावाने अशा जोडखात्यांसाठी वेगळे काउंटर उघडले ते २००४ साली. आणि हे फक्त चित्रांचं दुखणं आहे असं समजू नका. आपली मोडी लिपी या लेजरात दाखल झाली २०१४ साली, आणि तिला जागा मिळाली ती याच वरच्या माळ्यावर. पेशवे दफ्तरातलं एकच मोडी अक्षर जावात लिहिलं तरी ते दोन भरतं.

देवनागरी मात्र तळमजल्यावर, ऐसपैस. २३०४ पासून पुढच्या १२८ खोल्या. आपण खूश. आणि इथेच खरी गंमत आहे, कारण जागा मिळूनही आपलं भांडण मिटलेलं नाही.

पाटीवर 'लक्ष्मी' लिहा. पहिलीतल्या मुलाला विचारा, अक्षरं किती? 'ल' आणि 'क्ष्मी', दोन. जावाला विचारा. सात! ल, क, पाय मोडल्याची खूण, ष, पुन्हा पाय मोडल्याची खूण, म आणि दुसरी वेलांटी. लक्ष्मी मोजली की वाढते, हे बँकेत कधी पाहिलं नव्हतं, ते इथे पाहिलं. 'ज्ञानेश्वरी' आपल्या बोटांवर चार भरते, जावात अकरा.

यात लेजरवाल्यांचा दोष मी मानत नाही. 'क्ष' म्हणजे क् आणि ष, हे व्याकरण आपल्याच पंडितांचं. मांडणीही १९८८ च्या 'इस्की' या आपल्याच भारतीय कोष्टकावरून उचललेली, त्यामुळे हा परक्यांचा कट आहे असं म्हणायची सोय नाही. हजारो जोडाक्षरांना हजारो खाती उघडण्यापेक्षा सुटे भाग ठेवणं शहाणपणाचंच. माझी तक्रार नावाबद्दल आहे. जी फक्त लेजरातली एक नोंद आहे, तिला 'कॅरॅक्टर' म्हटलं की प्रोग्राम लिहिणारा बापडा समजतो, हेच ते अक्षर. एकदा तसं समजलं की तो त्याच्यावर नियम करायला मोकळा होतो.

उदाहरणार्थ, 'इज-लेटर' नावाची एक चौकशी आहे. समोर आहे ते अक्षर आहे का? ल ला हो. क ला हो. वेलांटीला नाही! काना, मात्रा, उकार, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांना नाही. आता समजा, कुणी अर्जाचा फॉर्म केला आणि नियम घातला की नावात फक्त अक्षरंच चालतील, आणि ती या चौकशीने तपासली. तर महाराष्ट्रात अर्ज करायला पात्र कोण? कमल, मदन, पवन आणि अजय. बाकीच्यांनी काने-मात्रे घरी ठेवून यावं. २०११ साली 'इज-अल्फाबेटिक' नावाची जरा उदार चौकशी जावात आली. तिच्या दारातून सीता, गोपाळ आणि सुनंदा आत जातात. पण पाय मोडल्याची खूण तिलाही खपत नाही, त्यामुळे प्रकाश आणि लक्ष्मी अजून बाहेरच. यावर कडी म्हणजे, प्रोग्रामात एखाद्या रकान्याला 'शिल्लक' किंवा 'व्याज' असं चक्क मराठी नाव द्यायचं असेल, तर जावा बिनतक्रार देऊ देते. तिथे काना चालतो, वेलांटी चालते, मोडका पायही चालतो. व्याजाला जोडाक्षर चालतं, माणसाला नाही. हे मात्र मला बँकेत असूनही नवीन होतं.

'असे फॉर्म कोण करतं हो?' असं म्हणाल, म्हणून एक हकीकत सांगतो. एका कार्यालयाकडून आमच्याकडे मदतीच्या रकमा जमा करण्यासाठी यादी यायची. नावं मराठीत. नावाच्या रकान्याला लांबी तीस. ती तीस अक्षरं नव्हेत, तीस नोंदी, हे यादी करणाराला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. एक आजी होत्या. त्यांचं नाव, यजमानांचं नाव आणि आडनाव बोटांवर मोजलं तर सोळा अक्षरं, पण जोडाक्षरं इतकी की यंत्राच्या हिशेबी तेहेतीस. कात्री नेमकी आडनावाच्या शेवटच्या जोडाक्षरावर पडली. पाय मोडलेलं अर्धं अक्षर तेवढं लोंबकळत राहिलं, आणि पासबुकावरच्या नावाशी ते जुळेना म्हणून रक्कम परत. आजी तीन खेपा आल्या. त्यांचे गुडघे दुखत होते, आणि यादीत नावाचाही पाय मोडलेला.

मी म्हटलं, ''आजी, नाव यादीत लांब पडतंय.''

त्या म्हणाल्या, ''लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं आहे बाळा. मला कुठे विचारलं होतं त्यांनी?''

रक्कम पुढे मिळाली. पण त्यासाठी त्यांना एक अर्ज द्यावा लागला, त्यात त्यांनी लिहून दिलं की मी ती मीच. ते पुरतं नाव सहीच्या रेघेवर सहज मावलं.

नाव कापण्याबद्दल एवढं पुरे. उलटं करण्याबद्दल थोडं सांगतो, कारण कन्येच्या पुस्तकात तो लाडका प्रश्न आहे: उलटसुलट सारखा वाचता येणारा शब्द ओळखण्याचा प्रोग्राम लिहा. इंग्रजीतला 'मॅडम' घातला, बरोबर आलं. तिने हौसेने 'नवजीवन' घातला. आपण कुठूनही वाचा, नवजीवनच. जावाने तो नोंद नोंद करून उलटा केला, त्यामुळे वेलांटी ज ची होती ती व ला जाऊन बसली आणि झालं 'नवीजवन'. निकाल: नापास. 'लक्ष्मी' उलटी केली तर सुरुवातीलाच एक अनाथ वेलांटी येते आणि आधाराला ठिपक्यांचं वर्तुळ धरून उभी राहते. कन्या म्हणाली, ''बाबा, परीक्षेत इंग्रजीच शब्द असतात.'' तिचा व्यवहार चोख आहे. पण मराठी मुलीने मराठी शब्द घातला म्हणून बरोबर प्रोग्राम चुकीचा ठरतो, आणि पुस्तक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, याला मी पुस्तकाचं न्यून म्हणतो.

दिसायला एक आणि यंत्राला दोन, असाही प्रकार आहे. 'कऱ्हाड' हे गावच घ्या. त्यातला तो अर्धा र, भुवईसारखा, लेजरात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नोंदी होतात सहा. दुसरीत सात, आणि सातवी डोळ्यांना दिसतच नाही, शेजाऱ्यांना चिकटवून ठेवणारा अदृश्य पाहुणा असतो तो. छापलं तर तंतोतंत सारखं. त्यात काही लोक 'कराड' लिहितात. म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर माणसांना एक गाव दिसतं, यंत्राला तीन. तसंच 'ॲ' चं. हे अक्षर लेजरात स्वतंत्र खातं म्हणून आलं २००८ साली. त्याआधी लोक 'अ' वर चंद्र ठेवून भागवीत, आणि पुष्कळजण अजूनही तसंच भागवतात. त्यामुळे 'ॲडव्हान्स' शोधायला गेलं तर अर्धे ॲडव्हान्स सापडतात, अर्धे फरारी. फरारी ॲडव्हान्स ही आमची जुनी ओळख, पण ते कर्जदारामुळे असतात असा आमचा समज होता.

एवढं बोलल्यावर गुणही सांगायला हवेत, नाहीतर परीक्षण आकसाने लिहिलंय असं होईल. जावाला मराठी आकडे येतात. '१२३' असं देवनागरीत लिहून द्या, ती निमूटपणे एकशे तेवीस समजते आणि पुढच्या बेरजेला लागते. आमच्या कॅशला नवीन आलेल्या पोरांना चेकावरचा मराठी ५ आणि ६ कळायला आठवडा लागतो. दुसरं, जावातला मजकूर, त्याला 'स्ट्रिंग' म्हणतात, एकदा तयार झाला की त्यात कुणाला खाडाखोड करता येत नाही. बदल हवा तर नवा मजकूर करा, जुना आहे तसाच राहील. अक्षर या शब्दाचा मूळ अर्थ जे झिजत नाही ते. तो अर्थ त्यांनी न विचारता पाळला आहे, फक्त अक्षराच्या ठिकाणी नाही, मजकुराच्या ठिकाणी. उलट पासवर्ड घेताना जावा तो मुद्दाम सुट्या 'चार' च्या रांगेत घेते, म्हणजे काम झालं की पुसून टाकता येतो. रोजंदारीवाले असे कामाला येतात.

आणि माणसासारखी अक्षरं मोजण्याची सोय अगदीच नाही असंही नाही. 'ब्रेक-इटरेटर' नावाचं एक हत्यार जावाच्या पेटीत १९९७ पासून पडून आहे. मजकुरात वाचणाऱ्याला कुठे तुटल्यासारखं वाटेल, ते शोधणं हेच त्याचं काम. कन्येच्या पुस्तकात त्याचं नावही नाही. २०१४ साली निघालेल्या स्विफ्ट नावाच्या भाषेने तर जास्तच हिंमत केली: तिच्यात 'कॅरॅक्टर' म्हणजे लेजरातली नोंद नव्हे, वाचणाऱ्याला एक दिसतं ते एक. हे मला पसंत आहे. पण वाचणाऱ्याला एक काय दिसतं, हे ठरवणारा युनिकोडचा नियमच तेव्हा पाय मोडलेल्या अक्षरापाशी सुरी चालवीत असे. ल, क्, ष्, मी: लक्ष्मीचे चार तुकडे. सातापेक्षा बरे, एवढंच. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडची १५.१ वी आवृत्ती आली, तिने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी हा नियम दुरुस्त केला, आणि लक्ष्मीची अक्षरं दोन झाली. जे पहिलीतलं पोर पाटीवर बोट ठेवून सांगतं, त्याला बत्तीस वर्षं लागली. आमच्या खात्यात पगारवाढीच्या वाटाघाटी पाहिलेल्या माणसाला हे काही फार वाटणार नाही.

जावाने ती आवृत्ती २०२४ मध्ये स्वीकारली. 'किती लांब?' असं साधं विचारलं तर ती अजूनही सातच म्हणते. दोन ऐकायचं असेल तर विचारण्याची रीत वेगळी आहे, आणि ती रीत यादी करणाराला कुणीतरी सांगावी लागते. आमच्या काउंटरवरचा संगणक कितव्या आवृत्तीवर चालतो, ते मी दुरुस्तीला आलेल्या मुलाला विचारलं होतं. त्याने पाठीमागे चिकटवलेला कागद बघितला. त्यावरची शाई उडाली होती.